मधल्या सुट्टीतला पाव

शाळेच्या मधल्या सुट्टीची घंटा झाली, की बालवर्गातील आणि पहिली-दुसरीतील मुले आपापले डबे उघडून बसतात. त्या वेळी एखाद्या शिक्षिकेने बाकांमधून सहज एक फेरी मारली, तर एक गोष्ट तिच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्याच्या डब्यात जॅम लावलेल्या पांढऱ्या पावाचे काप असतात, तो झाकण पुरते उघडून ऐटीत खातो. ज्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि लाल माठाची भाजी असते, तो झाकण आड धरून, शेजाऱ्याला दिसू नये अशा बेताने घास तोंडात टाकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा संकोच कोणी शिकवला? कोणी काही बोलून दाखवलेले नसते. तरीही पाव हा शिकल्यासवरल्यांचा आणि भाकरी ही मागासलेल्यांची, हा वडीलधाऱ्यांच्या मनातील समज त्याच्यापर्यंत न बोलता पोहोचलेला असतो.

हा समज इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला, तर मोठी विसंगती दिसून येते. जॅम लावलेला पांढरा पाव हा श्रीमंतीचा वारसा नाही, सुधारणेचाही नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या गिरणगावांतील दारिद्र्याचा तो वारसा आहे. मुलांविषयी कळवळा असलेल्या तेथील डॉक्टरांनी आणि शिक्षणसेवकांनी तो मुलांच्या हातून सोडवण्यासाठी अर्धे शतक खर्ची घातले. त्यांनी कष्टाने जे टाकून दिले, तेच आपण हौसेने उचलले आहे. मुलांचा डबा कसा भरावा, याचे सल्ले आज चोहीकडून ऐकू येतात. त्या सल्ल्यांकडे वळण्यापूर्वी या डब्याचा इतिहास एकदा समजून घेतला, तर निम्मे काम सोपे होईल असे वाटते.

पांढरे ते प्रतिष्ठेचे

धान्य जितके पांढरे तितके ते मानाचे, ही समजूत फार जुनी आहे. योहानलिखित शुभवर्तमानातील मुलाची शिदोरी वाचकांना आठवत असेल. तिच्यात जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. त्या काळच्या गालिलात जव हे गरिबांचे धान्य होते. गहू ऐपतदारांच्या घरी. युरोपातही शतकानुशतके कोंड्याची काळपट रोटी कष्टकऱ्यांची आणि चाळून पांढऱ्या केलेल्या पिठाचा पाव सरदार-सावकारांचा, अशी वाटणी होती. जात्यावर दळलेले पीठ वारंवार चाळून पांढरे करणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम असे. म्हणून तर त्याला मान होता.

१८८० च्या सुमारास ही वाटणी उलटीपालटी झाली. दगडी जात्यांच्या जागी पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. या रुळांमधून गव्हाचा कोंडा आणि अंकुर सफाईने वेगळे होत आणि शुभ्र पीठ स्वस्तात हाती येई. अंकुरातील तेलामुळे पीठ लवकर खवट होते. तो काढून टाकल्यावर ते महिनोन् महिने टिकू लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. परंतु कोंडा आणि अंकुर यांच्याबरोबर गव्हातील तंतू, लोह आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटाही निघून जात होता. ‘जीवनसत्त्व’ ही कल्पनाच तेव्हा जन्माला आलेली नव्हती, त्यामुळे ही चोरी कोणाच्याही लक्षात आली नाही.

त्याच सुमारास साखरही स्वस्त झाली. ब्रिटिश सरकारने १८७४ साली साखरेवरील जकात उठवली आणि जॅमच्या कारखान्यांना बरकत आली. अशा रीतीने एकेकाळी उमरावांच्या मेजावर दिसणारा पांढरा पाव आणि गोड मुरंबा गिरणी कामगाराच्या आवाक्यात आला. लवकरच तेच त्याच्या मुलांचे मुख्य अन्न झाले. कारण सरळ होते. आई पहाटे गिरणीत जाई. चूल पेटवायला वेळ नसे आणि पुष्कळदा कोळसाही नसे. पाव कापायचा, वर जॅम फासायचा आणि मूल शाळेत धाडायचे. यात आईचा आळस नव्हता, तिच्या दिवसाला तास कमी पडत होते. आज विरारहून किंवा वसईहून सकाळची लोकल गाठणाऱ्या आईला हे चित्र परके वाटू नये.

ब्रॅडफर्डचे चाळीस विद्यार्थी

यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हे लोकरी कापडाचे शहर. १८८० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेची हजेरी सक्तीची झाली आणि उपाशी किंवा अर्धपोटी मुले प्रथमच एका छपराखाली एकत्र दिसू लागली. तोवर दारिद्र्य घराघरांत विखुरलेले होते. आता ते बाकांवर ओळीने बसले. १८९४ साली मार्गारेट मॅकमिलन ही तरुण कार्यकर्ती ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळावर निवडून आली. भुकेल्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे सरकारी पैशाचा अपव्यय आणि मुलाचा छळ आहे, हा तिचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता. शाळेत मुलांच्या वैद्यकीय तपासणीसाठी आणि स्नानगृहांसाठी ती झगडली. अन्नाचा प्रश्न मात्र कायद्याअभावी अडून राहिला. मुलांना जेवू घातले तर आईबाप आपली जबाबदारी विसरतील, असा आक्षेप तेव्हा मोठमोठे लोक घेत असत.

या वादाला कलाटणी दिली ती युद्धाने. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या कितीतरी तरुणांना शारीरिक दुर्बलतेमुळे परत पाठवावे लागले. साम्राज्याला सैनिक मिळेनात, तेव्हा कोठे मुलांच्या पोटाची आठवण झाली. १९०४ साली सरकारी समितीचा अहवाल आला आणि १९०६ साली शाळांतून जेवण देण्याची मुभा नगरपालिकांना देणारा कायदा संमत झाला. त्या वर्षी ब्रॅडफर्डमधून पार्लमेंटवर गेलेले फ्रेड जॉवेट हे त्याच्या आग्रही पुरस्कर्त्यांपैकी एक होते.

ब्रॅडफर्डचे शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रॉली यांनी १९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत एक प्रयोग केला. गरीब वस्तीतील चाळीस मुलांना त्यांनी शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण दिले आणि त्यांच्या वजनाची नियमित नोंद ठेवली. न्याहारीला ओटची लापशी, दूध आणि पाव. दुपारी ताजे शिजवलेले पदार्थ. मुलांची वजने, हे जेवण न मिळणाऱ्या त्याच थरातील मुलांच्या तुलनेने, स्पष्टपणे अधिक वाढली. परंतु त्या आलेखातील सर्वांत बोलकी जागा वेगळीच आहे. मध्ये पेंटेकॉस्टची सुट्टी आली, शाळा बंद झाली, मुले पुन्हा घरच्या पाव-चहावर आली, आणि चढत जाणारी रेषा एकदम खाली घसरली.

क्रॉली आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक गोष्ट केली. मुले जेथे जेवत, त्या मेजांवर स्वच्छ चादरी अंथरल्या, फुले ठेवली आणि मोठ्या मुलींना लहानांना वाढण्याचे काम दिले. उपाशी मुलांसमोर फुले कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु अन्न पोटात जाण्यापूर्वी त्याचा मान मुलाच्या मनात रुजला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ब्रॅडफर्डच्या ग्रीन लेन शाळेत मुलांसाठी मध्यवर्ती स्वयंपाकघर सुरू झाले.

पोट भरले, पुढे काय?

ब्रॅडफर्डने विचारलेला प्रश्न होता, ‘मुलाचे पोट भरले आहे काय?’ पुढच्या पिढीने विचारले, ‘भरले आहे, पण कशाने?’

हा दुसरा प्रश्न नॉर्वेच्या राजधानीत ऐरणीवर आला. ऑस्लो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गरजू विद्यार्थ्यांना शाळेत गरम जेवण मिळत असे. डॉ. कार्ल श्योट्झ या शालेय आरोग्याधिकाऱ्यांनी या जेवणाची तपासणी केली आणि ते नापसंत ठरवले. तासन् तास उकळलेले सार आणि लापशी यांनी पोट भरते, पण जीवनसत्त्वे मिळत नाहीत, असे त्यांचे मत पडले. त्यांच्या पुढाकाराने १९३० च्या आसपास ऑस्लोच्या शाळांत जी न्याहारी सुरू झाली, ती ‘ऑस्लो न्याहारी’ म्हणून जगभर गाजली. भरड पिठाचा पाव, त्यावर लोणी किंवा मार्गारीन, चीज, पेलाभर दूध, एखादे सफरचंद किंवा अर्धे संत्रे, ते न मिळाल्यास कच्चे गाजर. आणि हिवाळ्यात कॉडमाशाचे तेल. चूल पेटवण्याची गरज नाही, आचारी नको. पाव होता, परंतु तो कोंड्यासह होता आणि त्यावरची जॅमची जागा चीजने घेतली होती.

या कथेतील आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग राजधानीत नव्हे, तर सिगदाल नावाच्या ग्रामीण भागात घडला. तेथील पंचायतीला शाळेत न्याहारी देणे परवडणारे नव्हते. तेव्हा ऑस्लोच्या न्याहारीत जे जे असे, ते ते आईवडिलांनी घरूनच डब्यात बांधून द्यावे, असा पायंडा तेथे पडला. योजना सरकारची, ज्ञान डॉक्टरांचे आणि डबा घरचा, असा तो मेळ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेची सुबत्ता वाढली, शहरातील शालेय न्याहारीही हळूहळू बंद झाली; परंतु घरून बांधून आणलेल्या भरड पावाची शिदोरी तेथील मुलांच्या दप्तरात आजही असते. श्रीमंत झाल्यावरही त्या देशाने मुलांच्या डब्यातील कोंडा काढून टाकला नाही.

खुद्द इंग्लंडलाही युद्धाने हाच धडा दिला. जहाजांची टंचाई होती. गव्हाचा दाणा वाया घालवणे परवडणारे नव्हते. १९४२ साली सरकारने शंभर किलो गव्हातून सुमारे ८५ किलो पीठ काढून केलेला करडा ‘राष्ट्रीय पाव’ सर्वांसाठी आणला. लोकांनी त्याच्या रंगाला नाके मुरडली, परंतु तो पाव १९५६ पर्यंत चालू राहिला.

कुन्नूरची प्रयोगशाळा

या इतिहासाचे एक प्रकरण आपल्याच देशात लिहिले गेले. निलगिरीच्या कुशीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन हे लष्करी वैद्यक सेवेतील आयरिश संशोधक १९१८ पासून आहाराचा अभ्यास करत होते. प्रारंभ झाला तो बेरीबेरी या रोगापासून. गिरणीत सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना हा रोग होतो आणि कोंड्यात त्याचा उतारा असतो, हे जावा बेटावर ख्रिस्तियान आयिकमन यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते.

मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात भारतातील निरनिराळ्या समाजांचे रोजचे आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांची वाढ तोलून पाहिली. आहार तेव्हाच्या पाहणीप्रमाणे ठरवलेले होते: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. पहिला क्रमांक शिखांच्या आहाराचा लागला. त्यात सबंध गव्हाच्या चपात्या, दूधदुभते, डाळी, ताज्या भाज्या आणि कधीमधी मांस होते. शेवटचा क्रमांक सडलेल्या तांदळावर मुख्य भिस्त असलेल्या आहाराचा लागला. मराठा आहार तिसरा आला. हा कोणत्याही समाजाच्या थोरवीचा निकाल नव्हे, हे वेगळे सांगायला नको. एकेका धान्याची आणि त्याच्या सोबत्यांची ती परीक्षा होती.

त्यानंतरचा प्रयोग आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. मॅकॅरिसन यांनी एका गटाला शिखांचा आहार दिला आणि दुसऱ्या गटाला इंग्लंडमधील गरीब वर्गाचा: पांढरा पाव, मार्गारीन, डब्यातील मांस, उकडून निःसत्त्व केलेल्या भाज्या, स्वस्त जॅम आणि साखर घातलेला चहा. पहिल्या गटातील उंदीर वाढले आणि गुण्यागोविंदाने राहिले. दुसऱ्या गटाची वाढ खुंटली, त्यांना फुप्फुसांचे आणि पोटाचे विकार जडले, ते चिडखोर झाले, आणि सुमारे दोन महिन्यांनी त्यांतील सबळ उंदीर दुबळ्यांना मारून खाऊ लागले. उंदरांवरून माणसांच्या मुलांविषयी सरसकट अनुमान काढणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि ब्रॅडफर्डच्या आलेखातील ती घसरलेली रेषा आणि कुन्नूरच्या पिंजऱ्यातील हा निकाल शेजारी शेजारी ठेवले, की पाव-जॅमच्या डब्याची प्रतिष्ठा उरत नाही.

मॅकॅरिसन यांच्यानंतर डॉ. वॉलेस आयक्रॉइड संचालक झाले. त्यांच्या काळात, १९३७ साली, भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. नाचणी, बाजरी, चवळी, माठ, शेवग्याचा पाला अशा आपल्या परसातील वस्तूंमध्ये नेमके काय आहे, हे त्या पुस्तिकेने आकड्यांत मांडले. याच प्रयोगशाळेचे पुढे हैदराबादला स्थलांतर झाले आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास असते. कोंड्यासह दळलेल्या कणकेत शंभर ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनपेक्षाही कमी.

पाव आपल्या दप्तरात कसा आला?

पावाशी आपला परिचय पोर्तुगीज काळापासूनचा. परंतु गोव्याच्या पोदेराने घरोघरी नेलेली पोय ही मुळात कोंड्याची होती आणि ती माडाच्या सुरेने फुगवली जाई. तिची आणि प्लास्टिकच्या पिशवीतून येणाऱ्या पांढऱ्या कापांची जात एक नव्हे. मुंबईसारख्या गिरण्यांच्या शहरातही घरच्या अन्नाची ओढ इतकी तीव्र होती, की १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा उद्योग सुरू केला आणि मावळ-खेड परिसरातील माणसांनी तो शतकाहून अधिक काळ चालवला. ब्रॅडफर्डच्या कामगाराच्या नशिबी पाव आला, त्याच काळात मुंबईच्या चाकरमान्याच्या हाती पोळी-भाजीचा डबा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. धान्यटंचाईच्या काळात परदेशी मदतीचा गहू आणि दुधाची भुकटी आली. १९४६ पासून भारतात काम करणाऱ्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेससारख्या संस्थांमार्फत ती धर्मग्रामांपर्यंत पोहोचे. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना तिची चव अजून आठवते. ती मदत होती आणि तिने अनेकांना जगवले. तिचा उपमर्द करण्याचे कारण नाही. १९६५ साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली आणि कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव शहरांत रुळला. १९८३ साली दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया बाजारात आल्या. जाहिरातींनी या साऱ्याला ‘आधुनिक आई’चे अन्न म्हटले. वसईच्या वाड्यांतून मुंबईला भाजी, केळी आणि दूध पुरवणाऱ्या घरांतही मुलांच्या डब्यात मुंबईहून आलेला पाव जाऊ लागला. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी पाहुण्यांसाठी उरली आणि मुलाच्या हाती क्रीमचे बिस्किट आले.

दुसऱ्या बाजूला मद्रास महानगरपालिकेने १९२० साली आपल्या एका शाळेत सुरू केलेली दुपारच्या जेवणाची प्रथा, कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ साली त्या राज्यात आणि १९९५ साली देशभर पसरली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर ते जेवण शिजवलेलेच असावे असे ठरले. त्या खिचडीच्या दर्जाविषयी तक्रारी होत आल्या आहेत आणि त्या ऐकल्याच पाहिजेत. तरीही एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अनुदानित शाळेतील गरीब मुलाच्या ताटात डाळ, तांदूळ आणि भाजी एकत्र येते, आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळेतील मुलाच्या डब्यात १९०० सालच्या ब्रॅडफर्डचे जेवण असते.

हा प्रश्न केवळ गरिबांचा नाही, केवळ श्रीमंतांचाही नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच ते नऊ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बाकावर बसलेल्या दर चार मुलांमागे साधारण एक. असे मूल रडत नाही, तक्रार करत नाही. ते लवकर दमते, तासाला त्याचे चित्त लागत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

डबा भरताना

या इतिहासातून काही व्यवहारी सूत्रे सहज निघतात. पहिले सूत्र ऑस्लोचे: चार गोष्टी डब्यात एकत्र याव्यात. एक भरड धान्य, एक डाळ, अंडे किंवा दुधाचा पदार्थ, एक भाजी आणि एक फळ. आपल्या स्वयंपाकघरात याला नवे काही आणावे लागत नाही. भाजणीचे थालीपीठ आणि दही. मुगाचे धिरडे आणि गाजराच्या चकत्या. माठ किंवा मेथी घातलेली पोळी आणि उकडलेले अंडे. नाचणीचे घावन आणि मोड आलेल्या मटकीची उसळ. यांपैकी कशाहीसोबत एखादे केळे, पेरूच्या फोडी किंवा सुकेळीचा तुकडा. पाव द्यायचाच असेल, तर तो कणकेचा असावा आणि आत जॅमऐवजी अंडे, चटणी-काकडी किंवा पनीर असावे. घटकांच्या यादीत मैदा पहिला असेल, तर वेष्टनावरील ‘ब्राउन’ या शब्दावर विसंबू नये. कित्येकदा तो नुसता रंग असतो.

पालेभाजी आणि डाळीतील लोह अंगी लागण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे, किंवा फळ म्हणून पेरू किंवा संत्रे द्यावे. जेवणाबरोबर चहा दिल्यास तेच लोह वाया जाते. लहान मुलांना चहाची सवय न लावलेली बरी.

दुसरे सूत्र वयाचे. बालवर्गातील मुलाचा घास लहान आणि मधली सुट्टी थोडी. मोठ्या डब्याने ते घाबरते. पोळीची सुरळी करून तिचे दोन-तीन तुकडे करावेत, फळ सोलून द्यावे. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे या वयात घशात अडकण्याचा धोका असतो. दाणे कुटून आणि द्राक्षे उभी चिरून घालावीत. काट्याची मासळी आई-वडील समोर असतानाच खाऊ घालावी, डब्यात नको. डब्याचे झाकण मुलाला स्वतः उघडता येते की नाही, हे घरीच पाहून घ्यावे. कित्येक डबे केवळ झाकण न निघाल्यामुळे भरलेले परत येतात. तांदळाची भाकरी वाळते म्हणून ती टाळली जाते. उकड नीट मळून केलेली भाकरी तूप लावून स्वच्छ फडक्यात गुंडाळली, तर मधल्या सुट्टीपर्यंत मऊ राहते. अन्न वाफाळते असताना डबा बंद केला, की आत पाणी सुटते आणि उन्हाळ्यात ते लवकर आंबते. वाफ जिरल्यावरच झाकण लावावे.

तिसरे सूत्र आईच्या वेळेचे. सिगदालचा डबा घराने भरला होता, एकट्या आईने नव्हे. रात्री मटकी भिजत घालणे, अंडी उकडून ठेवणे, भाजी निवडून ठेवणे ही कामे वडिलांची आणि आजी-आजोबांचीही आहेत. सहा वर्षांचे मूलही मटार सोलू शकते, आणि स्वतः सोललेले मटार ते डब्यात ठेवत नाही, खाऊन टाकते. डबा अर्धा परत आला, तर रागावण्याऐवजी काय उरले ते पाहावे. उरलेला डबा हे मुलाचे पत्र असते. ते वाचून दुसऱ्या दिवशीचा डबा ठरवावा. नावडती भाजी पहिल्या दिवशी उरली, म्हणून ती कायमची बाद करू नये. थोडी थोडी पुन्हा देत राहावी.

आणि शेवटी तो संकोच, जेथून आपण आरंभ केला. झाकण आड धरून भाकरी खाणाऱ्या मुलाला आहारशास्त्रावरील व्याख्यानाचा उपयोग नाही. २०२० साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केले आणि अतिगोड, अतिखारट, तेलकट पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मना केली. नियम चांगला आहे, परंतु तो फाटकाबाहेर थांबतो. वर्गातील बाकापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे पोहोचायचे असेल, तर ब्रॅडफर्डच्या त्या चादरी आणि फुले आठवावी लागतील. आठवड्यातून एक दिवस वर्गातील सर्व मुलांच्या डब्यात एकच साधा पदार्थ असावा, असे पालकसभेत ठरवता येईल. त्या दिवशी बाईंनीही आपला डबा मुलांमध्ये बसून उघडावा आणि त्यात भाकरी असावी. फादर किंवा सिस्टर शाळेत आल्या, तर त्यांनीही एक घास मागून घ्यावा. ज्या मुलाच्या डब्यातील भाकरीचा तुकडा बाईंनी मागून खाल्ला, ते मूल दुसऱ्या दिवशी झाकण आड धरणार नाही.